बी राखावे, नावही राखावे


शाळेची पायरीही न चढलेल्या राहीबाई पोपेरे यांनी अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी बायकांना हाताशी धरून वाल, घेवडा अशा गावठी भाज्यांचे बी जतन केले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हे कार्य येथे उत्रोलीतही होण्याजोगे आहे. वालाच्या निरोगी वेलावरील काही शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात. दाणे सावलीत सुकवून, राखेत घोळून मडक्यात ठेवावेत. संकरित वाणाचे बी मात्र धरू नये. पुढील पिढीत त्याचे गुण टिकत नाहीत. मुलांनी आजीकडून मूठभर बी आणावे, वाणाचे नाव वहीत टिपावे. आजीबरोबर ते बी गेले, तर कोणत्याही दुकानात ते मिळणार नाही.