गोळी सांध्यांची, चाचणी यकृताची

अंबड-घनसावंगीकडं कापूस वेचणारी कितीतरी माणसं सकाळी हात आखडल्याचं सांगतात. तासभर मूठ वळत नसेल, दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, तर आमवाताची शंका घ्यावी.

त्यावरचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून आपल्या गावच्या बाजाराचा वारच गोळीसाठी धरा.

काहींच्या यकृताला हे औषध सोसत नाही. कुणाच्या, ते आधी ओळखता येईल का? जनुकांवरून अंदाज बांधायचे प्रयत्न जगभर झाले. पण दवाखान्यात आजही साधे प्रश्नच जास्त कामी येतात. दारू घेता का? मधुमेह आहे? वजन? पूर्वी कावीळ झाली होती? इथं संकोच करू नका, तुमच्या खऱ्या उत्तरावरच डोस ठरतो.

औषधाआधी हिपॅटायटिस बी आणि सी तपासतात, एसजीपीटी ही यकृताची रक्तचाचणीही करतात. पहिले 3 महिने दर 2 ते 4 आठवड्यांनी रक्त तपासायचं, पुढे साधारण दर 3 महिन्यांनी. बिघडू लागलेलं यकृत बहुधा दुखत नाही. आधी बोलतो तो रिपोर्ट. फॉलिक ॲसिडची गोळी यकृताच्या बचावासाठीही असते, ती टाळू नका.

आणि काढे? 2020च्या अखेरीस मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या 6 रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं आढळलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. तरीही काढा घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा. डोळे पिवळे दिसले, तर पुढची गोळी न घेता आधी दवाखाना गाठा.