साथीचा माग आणि आपली नोंदवही
(वार्षिक सभेतील मनोगत)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; विषाणूंच्या जनुकसंचाविषयी अधिकारवाणीने बोलू शकत नाही. परंतु नोंदवहीची भाषा मला कळते. विषाणू स्वतःची नक्कल करताना अधूनमधून चुकतो आणि ती चूक पुढील नकलांत उतरते. अशा चुका ताडून पाहिल्या की संसर्ग कोणत्या वाटेने आला, याचा माग लागतो.

२०१४ साली पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनमध्ये इबोलाची साथ पसरली. तेथील ७८ रुग्णांच्या नमुन्यांतून ९९ जनुकसंच वाचले गेले. विषाणू प्राण्यांतून वारंवार येत नसून माणसाकडूनच माणसाकडे जात आहे, हे त्यातून दिसले. म्हणजे खरी दक्षता हवी ती शुश्रूषेत आणि अंत्यविधीत. तो शोधनिबंध प्रसिद्ध होण्यापूर्वीच त्याच्या पाच सहलेखकांचा इबोलाने बळी घेतला. केनेमा येथील सरकारी रुग्णालयाचे डॉ. शेख हुमर खान त्यांपैकी एक. त्यांत परिचारिकाही होत्या.

त्यांचे स्मरण करून माझी एकच विनंती आहे. नमुन्याच्या चिठ्ठीवर तारीख व गाव लिहिल्याखेरीज तो प्रयोगशाळेत पाठवू नये. यंत्र विषाणूची अक्षरे वाचील. रुग्ण कोठून व केव्हा आला, हे मात्र आपल्या नोंदीतूनच कळेल. पावतीवाचून खर्च लेखापरीक्षक मान्य करीत नाहीत. येथे तर हिशेब माणसांच्या प्राणांचा आहे.