पिंजऱ्यांतून रानांत

१९८७ सालच्या एप्रिलांत कॅलिफोर्नियांतील रानचा शेवटचा काँडोर पकडला गेला. या प्रचंड गिधाडाची जात तेव्हां अवघ्या २७ पक्ष्यांवर आली होती, आणि आतां ते सर्व पिंजऱ्यांत होते. पक्षी काय धरतां, त्याचें रान सुधारा, असें डेव्हिड ब्राउअर यांच्यासारखे निसर्गरक्षक कळकळीनें सांगत. त्यांचें ऐकलें असतें तर बहुधा ही जात बुडाली असती. सेवकांनीं हातांत काँडोरच्या डोक्याची बाहुली चढवून पिलें भरविलीं. १९९२ मध्यें पहिलीं रानांत सोडलीं. पण रान होतें तसेंच! शिकाऱ्याच्या गोळीचें शिसें मृत जनावरांच्या मांसाबरोबर त्यांच्या पोटांत जातें. अशा रानांत जीव सोडणें हा उपकार कीं अपराध? कॅलिफोर्नियानें २०१९ पासून शिशाच्या गोळीनें शिकार करण्यास बंदी घातली. ॲरिझोनांत तो प्रश्न शिकाऱ्यांच्या खुषीवर सोडलेला आहे. तेथील काँडोर वारंवार पकडून, रक्त तपासून, अंगांतलें शिसें उतरवावें लागतें.