खाली-वर, खाली-वर

झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम आला की गोंदिया जिल्ह्यातल्या गावोगावी ऑर्गन आणि तबला रात्रभर वाजतात. त्याच गावांतली मुलं आता गिटारही शिकतात. त्यांच्यासाठी आज प्लेक्ट्रमच्या, म्हणजे तार छेडायच्या पट्टीच्या, आघाताविषयी बोलतो.

एक आघात खाली, दुसरा वर. क्रम मोडायचा नाही. आपल्या संगीताला हे नवीन नाही. सरोदवादक नारळाच्या करवंटीच्या जव्याने खाली ‘दा’ आणि वर ‘रा’ वाजवतात. हेच बोल दुप्पट लयीत ‘दिर’ होतात. सराव करताना तोंडाने ‘दा-रा’ म्हणा, हाताला लय लवकर कळते.

प्लेक्ट्रमचं टोक बोटांबाहेर थोडंच ठेवा. हालचाल मनगटातून हवी, कोपरातून नको.

खरी अडचण येते ती तार बदलताना. एका तारेवर तीन स्वर वाजवले, की शेवटचा आघात खाली जातो आणि पुढच्या, बारीक तारेवर पहिला आघात वर यायला हवा. प्लेक्ट्रम तेव्हा दोन तारांच्या मध्ये असतं. त्याला ती बारीक तार ओलांडून खालून वर यावं लागतं. बहुतेक जण इथेच चुकून दोनदा खाली मारतात. म्हणून एवढाच तुकडा वेगळा काढून घोटा.

मेट्रोनोम मिनिटाला साठ ठोक्यांवर लावा, एका ठोक्याला दोन स्वर. सलग पाच वेळा स्वच्छ वाजलं तरच चार ठोके वाढवा. मनगट दुखलं तर लगेच थांबा. आजच दहा मिनिटं बसून पाहा.