यंदाच्या हंगामातली आपली नाटकं
(विहाराच्या वर्धापनदिनी नाट्यपथकाच्या वतीने केलेले भाषण)

 

अध्यक्षांनी दहा मिनिटं दिली आहेत. विषय एकच. येत्या हंगामात आपलं पथक काय करणार? यंदा तीन नाटकं घ्यायचं ठरलं आहे. लावणी उरकली की वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन झाल्यावर तालीम, इथेच विहारात. पहिला प्रयोग २८ नोव्हेंबरला, जोतीराव फुल्यांच्या स्मृतिदिनी. दुसरा २० मार्चला, चवदार तळ्याच्या दिवशी. तिसरा बुद्ध पौर्णिमेला, कारण तेव्हा मुंबईचे चाकरमानी घरी असतात आणि खरं सांगायचं तर वर्गणीही तेव्हाच जमते.

बैठकीत तरुण मंडळींनी विचारलं, नाटकाची कटकट कशाला, ऑर्केस्ट्रा आणू या, गर्दी होईल. गर्दी होईल हे मलाही मान्य आहे. पण आपल्या लोकांना नाटक काही नवं नाही. कोकणात नमन-खेळे, जाखडी हे सगळं होतं. माझे आजोबा मृदंग वाजवायचे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर त्यांनी तो आढ्याला टांगला. देवाचं सोंग आता नाचवायचं नाही, एवढंच म्हणाले. त्यांनी केलं ते योग्यच केलं. पण मृदंग टांगला तरी बोटं थांबत नाहीत. पुढे भीमजयंतीला तोच मृदंग खाली उतरला, शब्द तेवढे बदलले.

हेच काम त्याआधी आंबेडकरी जलशांनी केलं होतं. नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांचे साथी तमाशाची ढोलकी घेऊन गावोगाव हिंडले. शृंगार काढला आणि त्या जागी शिक्षण, पाणी, मानाचं जिणं हे विषय घातले. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं त्याच्यापर्यंत बाबासाहेबांची चळवळ अशीच पोचली. नंतर औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' लिहिलं. १९५५ साली मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते खुद्द बाबासाहेबांसमोर केलं. विद्यार्थ्यांनी, हे लक्षात घ्या. कुणी नामवंत नट नव्हते. बुद्ध पौर्णिमेला आपण 'युगयात्रा' घेतो आहोत. त्यात माणसं पुष्कळ लागतात, तेव्हा ज्यांना वाटतं की आपल्याला कुणी विचारलं नाही, त्यांनी आता लाजू नये.

नोव्हेंबरचं नाटक जोतीरावांचं 'तृतीय रत्न'. १८५५ सालचं. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारलं, आणि छापून लोकांसमोर यायला पुढे सव्वाशे वर्षं जवळजवळ गेली. एक गरोदर कुणबी बाई, तिचा नवरा, आणि ग्रहांची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी. मध्येमध्ये विदूषक येतो आणि सगळ्यांची पोल खोलतो. शेवटी नवरा-बायको दोघं शिकायला जायचं ठरवतात. विदूषक आपल्याला मिळाला आहे, अडचण बाईच्या भूमिकेची आहे. एक सूनबाई तयार आहे, घरचे 'बघू' म्हणतात. कोकणात 'बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे! सासूबाई इथेच बसल्या आहेत, मी नाव घेत नाही. एवढंच म्हणतो, बाईने शिकावं असं सांगणाऱ्या नाटकात लुगडं नेसून पुरुष उभा करायची पाळी आमच्यावर आणू नका.

आता मार्चचं. प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका. यावर खूप वाद झाला. तरुण म्हणाले, आम्ही ती तहान पाहिली नाही, आम्हाला ती कशाला दाखवता, आम्हाला पुढचं दाखवा. पण मला खरं अडवलं ते आमच्या वाडीतल्या एका आजीने. गेल्या वर्षी वाचन चाललं होतं, ती मधेच उठून पडवीत जाऊन बसली. मी मागोमाग गेलो. म्हणाली, "बाबू, वरून ओतलेलं पाणी मी ओंजळीत प्यायले हाय. माझ्याच पोरांसमोर मला परत कशाला वाकवतोस?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्रभर विचार केला. आजीचं बरोबर होतं. ते आपण आपल्यालाच दाखवत बसलो तर नुसती जखम उकरणं होईल. ज्यांच्या आजीने वरून पाणी ओतलं, त्यांच्या नातवंडांनी ते पाहायला हवं. म्हणून हा प्रयोग विहारात नाही. तो शाळेच्या मैदानावर, सगळ्या वाड्यांना बोलावून करायचा असं मी सुचवलं. कमिटीत तीन जण विरोधात होते. भांडण होईल ही त्यांची भीती खोटी नाही. तरी ठराव झाला. मी आजीला जाऊन सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ओंजळ कशी धरायची ता तुमच्या पोरांना येत नाय. मी दाखवीन." आता ती तालमीला येणार आहे.

खर्चाचं थोडक्यात सांगतो. लेखक हयात असेल तर त्याची लेखी परवानगी आणि मानधन, आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, हे आधी. आपलंच नाटक आहे म्हणून फुकट, हे चालणार नाही. मांडव आणि पडदा भाड्याने आणावा लागेल. कपडे घरचे. सावरकर नाट्यगृहात प्रयोग करावा ही सूचना चांगली आहे, पण आधी मैदानावर उभं राहून दाखवू.

नावं देण्यासाठी वही दाराशी ठेवली आहे. पहिलं वाचन आषाढी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी, सात वाजता. येताना बॅटरी आणा, त्या वेळी हमखास लाइट जाते.

जयभीम!