प्रयोगाचा खर्च कोणी सोसायचा?



'अनुदान' हा शब्द आपल्या खेड्यांत आता परका राहिलेला नाही. ठिबकचे अनुदान, हरितगृहाचे अनुदान, अवजारांचे अनुदान. पारावर हा शब्द निघाला की पुढचा प्रश्न ठरलेलाच, 'किती टक्के?' आज मला ज्या अनुदानाविषयी बोलायचे आहे, ते या जातीचे नव्हे. ठिबकचा संच बाजारात तयार मिळतो. तो चालतो हे ठाऊक असते. सरकार त्याच्या किमतीतला वाटा उचलते, एवढेच. पण जी वस्तू अजून बाजारात आलेलीच नाही, जी चालेल की नाही हे बनवणाऱ्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही, तिच्या प्रयोगासाठी एखाद्या लहान कारखानदाराला सरकारने पैसे द्यावेत, आणि प्रयोग प्रामाणिकपणे करूनही फसला तर खर्च झालेले पैसे परत मागू नयेत, ही गोष्ट निराळी आहे. हिला संशोधन-अनुदान म्हणतात.

पाचगणीचेच उदाहरण घेऊ. महाबळेश्वरापासून पाचगणीपर्यंत आणि खाली वाईकडे स्ट्रॉबेरीचे मळे आहेत. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. फळ देखणे खरे, पण नाजूक किती! शंभर किलो फळात नव्वद किलोच्या आसपास नुसते पाणीच असते. हंगामाच्या अखेरीस ऊन तापू लागले की फळ मऊ पडते आणि दूरच्या बाजाराचा प्रवास त्याला झेपत नाही. जॅम आणि सरबताचा मार्ग आपल्या लोकांनी पूर्वीच शोधला. मॅप्रोची सुरुवात पाचगणीत १९५९ साली झाली, हे तुम्हांला माहीत आहेच. पण फळ वाळवून टिकवायचे म्हटले तर? शंभर किलोंचे दहा-अकरा किलो होणार. उष्णता जास्त झाली तर रंग काळवंडतो आणि वास जातो. कमी पडली तर बुरशी धरते.

आता समजा, पसरणीचा घाट उतरून वाईला आले की लागणाऱ्या एखाद्या वेल्डिंगच्या शेडमध्ये कोणी कारागीर आहे. त्याच्या डोक्यात सूर्याच्या उष्णतेवर चालणारे एक वाळवणी यंत्र घोळते आहे. पत्रा, काच, पंखा, जाळ्या सगळे त्याला जमते. पण पहिले यंत्र बिघडणार, दुसरे निम्मे चालणार, तिसरे कदाचित बरे निघणार. या तीन यंत्रांचा खर्च कोणी द्यायचा? बँकेत गेला तर साहेब विचारतात, 'गेल्या तीन वर्षांचा ताळेबंद आणा. तारण काय देता?' साहेबांचे चुकत नाही बरे का. ठेवीदारांचा पैसा त्यांनी फसू शकणाऱ्या प्रयोगात घालावा तरी कसा? सावकाराचे तर नावच नको. शेवटी तो बायकोचे दागिने गहाण टाकतो, नाहीतर कल्पना सोडून देऊन पुन्हा ग्रिलच्या खिडक्या करू लागतो. असे किती कारागीर खिडक्यांकडे वळले असतील, याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

आपल्या भागाला हे दुखणे नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते, असा लोकांचा समज होता. नांगर खपेना. पुढे १९१० साली औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल स्टेशनाजवळ माळरानाची जागा दिली, आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. एका संस्थानिकाने एका कारागिरावर विश्वास टाकला, म्हणून हे जमले. पण प्रत्येक कारागिराला असा राजा कुठून भेटणार? राजाच्या मर्जीच्या जागी नियम हवा.

तो नियम अमेरिकेने १९८२ साली कायद्याने केला. ज्या सरकारी खात्यांचा संशोधनावरचा खर्च मोठा, त्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा लहान उद्योगांसाठी वेगळा काढावा, असे त्यात होते. आपल्याकडे केंद्र सरकारच्या विज्ञान खात्यांनी १९९८ च्या सुमारास एकट्यादुकट्या संशोधकासाठी 'टेप' नावाची योजना काढली. गुजरातेतल्या मनसुखभाई पटेलांचे नाव या संदर्भात घेतलेच पाहिजे. तिकडच्या कोरडवाहू कापसाची बोंडे अर्धवट उघडतात. बायका-मुले रात्री घरी बसून ती हाताने सोलत. मनसुखभाई कारखान्यात विजेची कामे करणारे, मोठी पदवी नसलेले गृहस्थ. त्यांनी बोंडे सोलण्याचे यंत्र बनवले, आणि ते सुधारण्यासाठी त्यांना या योजनेचे साहाय्य मिळाले. या यंत्राला पुढे अमेरिकेतही पेटंट मिळाले.

त्यानंतर योजना वाढल्या. जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ साली लहान उद्योगांसाठी योजना सुरू केली, आणि २०१२ साली 'बायरॅक' ही संस्था स्थापन झाली. तिच्या प्रारंभिक अनुदानाची मर्यादा पन्नास लाख रुपये आणि मुदत अठरा महिने ठरवण्यात आली. २०१६ साली विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने 'निधि' हा कार्यक्रम आणला. त्यातल्या 'प्रयास' योजनेत नमुना-यंत्रासाठी दहा लाखांपर्यंत रक्कम ठेवली होती. हे आकडे ऐकून हुरळून जाऊ नका. पैसे एकदम हातात पडत नाहीत. टप्पे ठरतात, टप्पा पुरा झाला की पुढचा हप्ता. खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र सनदी लेखापालाकडून घ्यावे लागते. हप्ता लांबला तर लहान माणसाचा जीव टांगणीला लागतो. तेवढे दोन महिने काढण्याची तजवीज आधी करावी. आणि 'मी अनुदान मंजूर करून आणतो, एवढी रक्कम द्या,' असे म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

अर्ज बहुधा एखाद्या उद्योग-पोषण केंद्राच्या मार्फत जातो. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर आहे. पाचगणीहून पुणे शंभर किलोमीटर. तेवढे अंतर एस. टी. तोडते, पण खरे अंतर भाषेचे आहे. अर्ज इंग्रजीत. वेल्डिंगचा कारागीर आपले यंत्र तासभर तोंडाने समजावील, पण त्यावर पाच पाने लिहायची म्हटली की त्याचा हात थांबतो. माझ्या मते या योजनांचा सर्वांत मोठा दोष हाच आहे, आणि अर्ज मराठीतून घेतल्याशिवाय तो जाणार नाही.

तोवर इथे शिक्षकांचे काम आहे. गुरुजी, तुमच्या गावात असा कारागीर असेल तर त्याच्याजवळ बसा. अर्जात मोठाले शब्द घालू नका. तीन गोष्टी नेमक्या लिहा: अडचण कोणाची आणि किती, आज तिच्यावर काय करतात, आणि आपले यंत्र चालले हे कोणत्या मापाने ठरवायचे. 'स्ट्रॉबेरी छान वाळते' हे माप नव्हे. किती किलो, किती तासांत, किती उष्णतेवर, शेवटी ओलावा किती टक्के, हे माप. ओलावा मोजण्यासाठी कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात चौकशी करायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट, कारण ती हमखास चुकते. यंत्र नवीन असेल तर ते प्रदर्शनात मांडण्यापूर्वी, वर्तमानपत्रात फोटो छापून येण्यापूर्वी पेटंटचा तात्पुरता अर्ज भरावा. एकदा जगजाहीर झाले की नवेपणा गेला, असे कायदा मानतो. सरकारने तशी अधिसूचना काढलेल्या प्रदर्शनांपुरतीच काय ती सवलत. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण तपशील देण्यास बारा महिने मिळतात, आणि एकट्या व्यक्तीला फी कमी पडते. मात्र शेती करण्याच्या पद्धतीला आपल्या देशात पेटंट मिळत नाही. यंत्राला मिळू शकते.

पहिली तयारी मात्र आजही करता येईल. दोनशे पानी वही घ्या. रोज तारीख घाला. सकाळी जाळीत फळ किती ठेवले, संध्याकाळी किती उरले, ढग होते की ऊन, काय बिघडले, ते शाईने लिहा. बिघडलेल्या दिवसांची पाने फाडू नका. छाननी समितीसमोर बसाल तेव्हा तीच पाने आधी उघडून दाखवा.