लखुजीराजांचा खून पाहिला कोणी?

जिजाऊंचे वडील लखुजीराजे जाधवराव देवगिरीच्या किल्ल्यात मारले गेले, हे आमच्या देऊळगाव राजात आणि शेजारच्या सिंदखेड राजात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तारीख २५ जुलै १६२९, श्रावणी पौर्णिमा. राजांबरोबर अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे आणि नातू यशवंतराव असे एकाच घरातले चौघे गेले.

ही हकिकत सांगणारा अशी रंगून सांगतो, की जणू तो स्वतः दरबारात खांबाआड उभा होता. मुजऱ्याला वाकलेले राजे, निजामशहाचं उठून आत जाणं, दबा धरून बसलेल्यांच्या उपसलेल्या तलवारी... अंगावर काटा येतो. पण हे पाहिलं कोणी?

आत गेलेले हे चौघे परत आलेच नाहीत. राजांच्या पत्नी म्हाळसाबाई बाहेर तळावर होत्या. त्यांना कळलं ते ऐकूनच. म्हणजे डोळ्यांनी पाहणारे उरले ते मारेकरी आणि दरबारी. त्यांनी राजांच्या बाजूने साक्ष कशाला द्यावी?

राहतं ते लिखाण. जेधे शकावलीतली नोंद अगदी त्रोटक. कवींद्र परमानंदाने 'शिवभारत' लिहिलं ते शिवरायांच्या आज्ञेवरून, घटनेनंतर चार दशकं उलटल्यावर. म्हणजे जिजाऊंच्या मुलाच्या पदरचा कवी. अब्दुल हमीद लाहोरी हा शहाजहानचा इतिहासकार. राजे १६२१ च्या सुमारास मोगलांकडे जाऊन पुन्हा निजामशाहीत आलेले, तेव्हा मोगलांनाही या प्रकरणात रस होताच. दोघांपैकी कोणीही त्या दिवशी तिथे नव्हता. तरीही निजामशहाच्या दरबारात राजांचा घात झाला, हे परस्परविरोधी गोटांतले लोक सांगतात, म्हणून तेवढं मी पक्कं धरतो. मुजरा, खूण, कोणाची तलवार आधी पडली, हे मात्र माझ्या लेखी कीर्तनकाराचं.

आणि समजा, एखादा साक्षीदार मिळाला असता तरी? १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारताना साधा 'धडकल्या' शब्द वापरला. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? 'आदळल्या' ऐकलेल्या पन्नासांपैकी सोळा जण हो म्हणाले, 'धडकल्या' ऐकलेल्यांपैकी सात. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती! एका शब्दाने आठवड्यात हे होतं. आपली हकिकत तर पावणेचारशेहून अधिक वर्षं तोंडोतोंडी फिरते आहे.

हा नुसता तपशिलाचा वाद असता तर मी एवढा वेळ घेतला नसता. प्रश्न राजांच्या इमानाचा आहे. ते पुन्हा मोगलांना मिळणार होते म्हणून मारले गेले, असं कोणी सांगतं; कोणी दरबारातल्या हमीदखानाच्या हेव्याकडे बोट दाखवतं. पहिल्या बाजूचे लोक पुरावा काय देतात? खुनानंतर जाधव मोगलांकडे गेले, शहाजीराजांनीही निजामशाही सोडली. अहो, पण ज्या दरबारात बाप, भाऊ, पुतण्या कापला गेला, तिथे कोण थांबेल? खुनानंतरची वागणूक खुनाचं कारण म्हणून दाखवता येत नाही. तालुक्याच्या कोर्टातला नवखा वकीलसुद्धा अशी साक्ष पाच मिनिटांत मोडून काढील.